धवलारणीचा बिनसाखरेचा चहा

मंगळवार, ११ डिसेंबर १९९०

माझ्या लेकाची, जगनची कंबर आता बरी आहे. सुनेचा, मंजुळेचा खोकला सुटला, रात्री शांत झोपली. जनाबाईचा गुडघा तेलाने हलका झाला म्हणते. सगळ्यांचं बरं चाललंय. बिघडलंय ते माझं डोकं.

परवा कोळीवाड्यातल्या गुणाजीच्या मुलाचं लग्न झालं. मांडवात लग्नाची गाणी, धवले म्हणायला आम्ही दोघी धवलारणी, नेहमीच्याच. मी अर्धी ओळ म्हणते, जनाबाई पुढची अर्धी उचलते. इतकी वर्षं असंच. देवांना बोलवायची वेळ आली. कुळाचे, गावाचे, पाण्याचे, एकेकाला हाक मारून मांडवात आणायचं. एकवीरा आली, खंडोबा आला, आणि मग डोक्यात धुकं. आजूबाजूला काय चाललंय तेही कळेना. कसंबसं शेवटाला नेलं.

संध्याकाळी गुणाजी हळूच म्हणाला, "काकी, आमची जरीमरी बाहेरच राहिली."

ती देवी कुठे सुटली, अजून सापडत नाही. पण पुढे म्हणणारी मी, तेव्हा नाव माझंच जाणार. लग्नघरात देव बाहेर राहिला तर पुढे घरात मांजर आडवं गेलं तरी लोक मलाच आठवतील.

गुरुवार, १३ डिसेंबर

कोपरीच्या दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. साखरेचा आजार नाही. डॉक्टर पोरगेलाच आहे, पण ऐकून घेतो. विचारलं, "आजी, दिवसभरात चहा किती?"

मी सांगायला लागले. सकाळचा. मग जगनबरोबर. मग मासे विकून आल्यावर. मग जनाबाई येते तेव्हा. तो हसायला लागला. "आणि लग्नघरात?"

लग्नघरात कोण मोजतं? धवलारणीच्या हातात कप रिकामा दिसला की यजमानाची बायको धावत येते. त्यावर सरबत, त्यावर लाडू, दुपारी जिलबी.

म्हणाला, जेवणानंतर डोळे जड होतात, डोकं चालत नाही, त्याला एवढी साखर कारण असू शकते. नक्की सांगता येत नाही. कमी करून बघा. झोपही पुरी घ्या.

बघते.

शनिवार, १५ डिसेंबर

साखर एकदम नाही सोडली. दोन चमच्यांचा एक केला. चहा लागतो खाडीच्या पाण्यासारखा.

सोमवार, १७ डिसेंबर

डोकं ठणकतंय. मंजुळेवर उगीच ओरडले. ती बिचारी म्हणाली, "आई, घ्या एक चमचा, पण घरात शांतता ठेवा." मला हसू आलं. तिलाही.

रविवार, २३ डिसेंबर

जनाबाई आली. मी तिला नेहमीचा दिला, माझ्या कपात अर्धा चमचा. तिने बघितलं.

"काय गो दगडे, म्हातारपणी तपाला बसलीस?"

"डोकं जाग्यावर आणायचंय."

"धवलारणीच्या तोंडात गोड नाय, तर गळ्यातून काय कावळा बोलणार?"

ती अशीच. तिच्या टोमण्याशिवाय माझा रविवार सरत नाही. पण आज जरा जास्तच बोलली.

सोमवार, १४ जानेवारी १९९१

संक्रांत. तिळगूळ एक खाल्ला. खोटं कशाला लिहू, चार खाल्ले. दुपारी जवळा निवडायला बसले ती सुपावरच पेंगले. मंजुळेने उठवलं तेव्हा गालाला जवळा चिकटलेला.

गुन्हा नाही केला. सण होता. पण फरक कळला. गेले कित्येक दिवस अशी झोप आली नव्हती, ते मला आज झोपल्यावर कळलं.

रविवार, २० जानेवारी

माझा पुतण्या नाथा आला. त्याच्या लेकीचं, नीलाचं लग्न सतरा फेब्रुवारीला ठरलं. मुलगा वर्तकनगरचा, चांगल्या घरातला. आनंद झाला. मग नाथा चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. लहानपणापासून त्याची खोड, नको ते बोलायचं असलं की अंगठा हलतो.

"काकी, आता धवल्यांची कॅसेट मिळते. स्पीकरवर लावतो. तू खुर्चीत बस, मानाने."

मी म्हटलं, "कॅसेटला तुझ्या घरचे देव माहीत आहेत?"

"लोक बोलतात काकी. गुणाजीच्या वेळचं."

शेवटी ठरलं. हळदीला कॅसेट. देव मी आणायचे. पण पुन्हा एखादा राहिला, तर या कोळीवाड्यात मला कोणी हाक मारणार नाही. नाथा तसं बोलला नाही. अंगठा बोलला.

सासूबाईंनी हे धवले मला चुलीपुढे बसवून दिले. कुठे लिहिलेले नाहीत. मी लिहायला शिकले जगनच्या पाटीवर, तोवर त्या गेल्या होत्या. आणि लिहिलेले धवले मांडवात चालत नाहीत, ते तोंडातूनच यायला लागतात.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

दुपार. डोळे टक्क उघडे. बोंबील वाळत घालताना सहज म्हणायला लागले, आणि सासूबाईंच्या तोंडचं एक अख्खं कडवं वर आलं. भरतीला बुडालेलं लाकूड वर येतं तसं. समुद्राचा देव ओल्या पायांनी मांडवात येतो, नि नवरीची आई त्याचे पाय पुसते. किती वर्षांत म्हटलं नव्हतं!

मंजुळा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, हे तर मी कधी ऐकलंच नव्हतं."

साखरेमुळे की झोपेमुळे, की सकाळी खाडीपर्यंत चालते त्यामुळे, मला काय ठाऊक. पण डोक्याची खिडकी कोणीतरी पुसली आहे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

जनाबाईला म्हटलं, एकदा दोघी बसून म्हणून बघू. भडकली. "मला तालीम शिकवतेस? जन्म गेला माझा यात." चहा अर्धा टाकून गेली. अशी कधी जात नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

रात्र होत आली, पण लिहून ठेवते.

देव आणायच्या आधी धवलारणीचं तोंड गोड करतात. नाथाच्या बायकोने पेढा पुढे केला. मी हात जोडले. मागून एक म्हातारी बोललीच, "धवलारीण गोड नाकारते? हे कसलं लक्षण?" नाथाच्या बायकोचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढे दिवस चहाचा विचार केला, या पेढ्याचा केलाच नाही. खाऊन टाकणार होते.

तेवढ्यात हळदीने पिवळी झालेली नीला पाटावरून म्हणाली, "आजी, खोबरं चालेल?" ओटीतला नारळ नाथाने तिथेच फोडला. नीलाने तुकडा माझ्या तोंडात घातला.

काय गोड होतं ते. जन्मभर खोबरं खाल्लं, ते इतकं गोड असतं हे आज कळलं. मी तसं मोठ्याने म्हटलं, नि म्हातारीसुद्धा हसली.

मग सुरू केलं. डोकं स्वच्छ. एकेक देव येताना दिसत होता. आणि म्हणूनच ऐकू आलं. माझी अर्धी ओळ झाली की जनाबाईच्या अर्ध्यात शब्दच नाहीत. नुसतं हं हं. ओठ हलताहेत, डोळे माझ्या तोंडाकडे. मी तिचा हात धरला आणि तिची अर्धीही म्हणत गेले, ती माझ्यामागे मिसळत गेली. मांडवात कोणाला कळलं नाही.

जरीमरी आली. ती जनाबाईच्याच अर्ध्यात येते. गुणाजीकडेही तिच्याच अर्ध्यात यायची होती.

समुद्राचा देवही आला, ओल्या पायांनी. नाथाने स्पीकरवाल्याला सांगितलं, "कॅसेट ठेव पिशवीत." गुणाजी येऊन म्हणाला, पुढच्या वर्षी धाकट्याचं आहे, काकी.

मी कोणाला काही बोलले नाही. जनाबाई न जेवताच घरी गेली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

दुपारी जनाबाई आली. टोमणा नाही. उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "दगडे, माझाही बिनसाखरेचा टाक."

दोघींनी प्यायला. मग तिची अर्धी मी म्हटली, आणि माझी अर्धी तिला दिली. तीन देवांपर्यंत पोचलो. निघताना म्हटलं, उद्या लवकर ये गो.