आरशावरचे दोन डाग

ती. ताईस, धाकट्या मास्तराचा नमस्कार.

सर्दी झाली की नाकपुड्या आळीपाळीने चोंदतात, हे तू पाहिलंच असशील. आतल्या रक्तवाहिन्या पाळीपाळीने फुगतात, म्हणून तसं होतं. माझी मात्र सहा महिने डावीच बंद होती आणि रुमालाला रक्त लागायचं. तू म्हणायचीस, "तुझं नाकही तुझ्यासारखंच हट्टी."

तिथे मेलानोमाची गाठ होती. हा कर्करोग बहुधा त्वचेवर होतो, पण रंग तयार करणाऱ्या पेशी नाकातही असतात. शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ पूर्ण काढली आहे, सोमवारपासून किरणोपचार.

पुढचं विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाच वर्षांनी साधारण तिघांतला एक हयात असतो. रोग परत येऊ शकतो, तपासण्या चुकवू नका." मी म्हटलं, "बाई, मी आजवर एकही तास चुकवलेला नाही."

आईला आकडा सांगू नकोस. ती नीट जेवते ना?

आज आरसा नाकाखाली धरून श्वास सोडला, तेव्हा कित्येक महिन्यांनी वाफेचे दोन डाग उमटले. तूही करून बघ. डाग लहानमोठे असले तरी चालतील. मात्र रोज त्याच बाजूचा उमटत नसेल, तर माझ्यासारखी सहा महिने थांबू नकोस.

तुझा हट्टी,
मास्तर