देवाच्या मळ्यातला वीर

२ जानेवारी २०२५
निवृत्तीनंतरचा दुसरा दिवस. संकल्प: रोज पहाटे दोन तास इतिहास. बत्तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार तपासले, आता स्वतःच्या घराण्याचा शोध.

३ जानेवारी
अभ्यास झाला नाही. बाजाराला निघालेल्या टेम्पोंचे हॉर्न. इतिहासाला शांतता लागते.

७ जानेवारी
अभ्यास नाही, पण शोध लागला! आमचा वाटेकरी भीमा याला देवाच्या मळ्यात, बांधालगत, कोरीव दगड सापडला. (नाव देवाचा मळा असलं तरी सातबारा आमचा, तीन पिढ्या.) वर चंद्रसूर्य, मध्ये चार ओळी, खाली घोडा आणि शरण आलेला शत्रू. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड! तोही आमच्या पूर्वजाचाच. मळ्यात दुसरं कोण मरायला जाईल?
अक्षरं वाचता येत नाहीत, पण भाव कळतो.

८ जानेवारी
ट्रॅक्टरनं दगड अंगणात आणला. भीमा म्हणाला, काका, ह्ये तर गाढाव हाय. त्याला समजावलं की त्या काळी घोड्यांचे कान लांब असावेत. (संदर्भ शोधणे.)
आईला सांगितलं, हे आपले वीर पूर्वज. ब्याऐंशी वर्षांची आई, डोळे अधू. तिनं दगड चाचपला, डोकं टेकवलं, हळदकुंकू वाहिलं. मला भरून आलं.

१२ जानेवारी
नीलांबरी म्हणते, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात फोटो दाखवून या, घोडा का गाढव ते दोन मिनिटांत सांगतील. इतकी वर्षं संसार केला, पण हिला इतिहासाची दृष्टी आली नाही.
आई रोज पूजा करून मगच चहा घेते.

१५ जानेवारी
नगरच्या संशोधक जया मॅडम रविवारी येणार. सबंध गावाला व्हॉट्सॲपवर निमंत्रण. माझं भाषण: ‘इतिहास आपल्याला काय शिकवतो’. लिहायला उद्या बसतो.

१९ जानेवारी, रविवार
भाषण झालं नाही.
मॅडमनी वाटीभर पीठ मागितलं, दगडाला चोळलं. अक्षरं उठून दिसली. त्यांनी विचारलं, दगड कुठल्या जमिनीतला? मी माईकवरून सांगितलं, आमच्याच मळ्यातला, तीन पिढ्या!
मग त्यांनी वाचलं. ही जमीन देवाला दान दिली आहे, जो लाटेल त्याच्या आईला... आणि थांबल्या. आई पहिल्याच खुर्चीत होती. मॅडम हळूच म्हणाल्या, याला गधेगाळ म्हणतात, शिवीचा दगड. मागून भीमा म्हणाला, म्होरलं खाली काढलंयच की.
सगळे खाली वाकून बघू लागले. शरण आलेला शत्रू म्हणजे बाई होती. लोक हसले. आईनं शेजारणीला विचारलं, काय काढलंय गं? तिनं सांगितलं.

२० जानेवारी
दगडावर गोणपाट टाकलंय. मॅडमनी एक चूक केली असावी: लेख जुना, आम्ही फक्त तीन पिढ्या. मधले चोर कोण, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.
आई म्हणाली, दगड होता तिथं नेऊन ठेव. मी लगेच भीमाला फोन केला. मग म्हणाली, आणि मळा देवाच्या नावावर कर, फेरफार तुला येतोच.
तिला सांगितलं, अशा बाबतीत घाईनं निष्कर्ष काढणं शास्त्रशुद्ध नसतं. अधिक संशोधन हवं.
दुपारचे दोन वाजले. आईनं अजून चहासुद्धा घेतलेला नाही.