पाटी ज्याची त्यानेच फिरवायची

१२ ऑक्टोबर

आलो एकदाचा! बस डोंगरावरून खाली वळली आणि समोर समुद्र, धक्क्याला एकच मोठं जहाज, आणि ओंडक्यांचे ढीगच्या ढीग. सगळ्या गावाला ओल्या लाकडाचा वास. आपल्याला आवडला. आजवर संत्री तोडली, स्क्विडच्या बोटीवर तीन महिने ओकलो, ओसाकात हॉटेलच्या चादरी धुतल्या. हायस्कूल अर्ध्यात सोडल्यापासून कुठेच बूड टेकलं नाही. इथे टेकेल असं वाटतं. हे मी प्रत्येक गावात पहिल्या दिवशी लिहितो, ते सोडा.

मुकादम उकाईसान पन्नाशीचे, तळवे फावड्याएवढे. नाव तोगाशी म्हणालो, तर म्हणाले, नाव राहू दे, जेवलास का ते सांग. खानावळीतल्या तोमीसाननी मिसोतला बांगडा वाढला आणि इतक्या बारीक कमरेचा मुलगा गोदीत टिकायचा नाही असं तोंडावर सांगून वर आणखी भात घातला.

काम सोपं. सहा जण जहाजाच्या पोटात उतरून ओंडके बांधतात, क्रेन ते उचलते. मी वर, झाकणाच्या तोंडाशी, पहारेकरी. खाली कधीच उतरायचं नाही. शिवाय रोज सकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर आकडा रंगवायचा: ‘अपघाताविना दिवस’. आज १,०९३. १,१११ झाले की बंदर कार्यालयातले साहेब झेंडा घेऊन येणार. लोक मुलाचा फोटो दाखवतात तसा उकाईसाननी मला तो फळा दाखवला.

१४ ऑक्टोबर

काम शिकलो. माणूस खाली जाताना माझ्या फळीवरची आपल्या नावाची लाकडी पाटी काळ्या बाजूवरून लाल बाजूवर फिरवतो, वर आला की परत काळी करतो. पाटी ज्याची त्यानेच फिरवायची. दुसऱ्याच्या पाटीला बोट लावलं तर उकाईसान कानाखाली जाळ काढतात म्हणे. माणूस वर आला की नाही, हे त्याच्याशिवाय दुसऱ्याने ठरवायचं नाही.

आणि ओरडणं! शिडी बघितली की तिच्याकडे बोट रोखायचं आणि कोकलायचं, “शिडी, योशी!” दोरी योशी, क्रेनचा आकडा योशी. योशी म्हणजे ठीक आहे, पाहिलं. पहिल्या दिवशी लाज वाटली, आता संडासातसुद्धा तोंडातून निघतं.

सगळ्यात महत्त्वाची हवा. बंद पोटात लाकूड हवा खाऊन टाकतं. वास येत नाही, गुदमरत नाही. उलट बरं वाटतं, हलकं वाटतं, आणि माणूस हसत हसत बसून जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. म्हणून हवा मोजायचं यंत्र दोरीने आधी खाली सोडायचं. काटा प्राणवायू अठरा टक्क्यांच्या खाली दाखवत असला तर कोणी उतरायचं नाही. एकवीस आला. मी बोट रोखून ओरडलो, “हवा, योशी!” खालून झकास उत्तर आलं, “योशी!”

नंतर लक्षात आलं, तेव्हा खाली कोणी उतरलंच नव्हतं. घुमलं असेल.

१७ ऑक्टोबर

माझ्या फळीवर सात पाट्या आहेत. आठवी माझी, ती वेगळ्या खिळ्याला, कायम काळी. पण खाली जाणारे सहाच. सातवी, मुराकोशी नावाची, मी आलो तेव्हापासून लाल आहे. शिबाला विचारलं. शिबा माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, टोळीतला एकटाच माझ्याशी नीट बोलणारा. म्हणाला, “तुला ओंडके मोजायचेत का नावं? मग नावं कशाला मोजतोस?” आणि अर्धी सिगारेट मला देऊन निघून गेला.

दर तासाला मी वरून हाक मारतो, खालचे एकेक ‘योशी’ म्हणतात. आज नीट मोजले. सात आले. सातवा माझ्या हाकेच्या आधीच येतो.

आणखी एक. ते यंत्र मी सहज खानावळीतल्या चुलीवर धरलं. मग पिशवीत घालून तोंड बांधून पाहिलं. मग त्यातली बॅटरी काढली. काटा एकवीसवरच. उकाईसानना सांगितलं तर पाठीवर थाप मारून म्हणाले, आपल्या गावची हवाच फार चांगली आहे, पोरा. सगळे हसले. मीसुद्धा. रोज सकाळी आम्ही सगळे त्या काट्याकडे बोट रोखतो, पण नजर उकाईसानकडे असते. इतकं छान ओरडतो की बघायचं कोणाच्या ध्यानातच राहत नाही.

२० ऑक्टोबर

तोमीसाननी आज मुळा किसता किसता सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. मुराकोशी एप्रिलमध्ये खाली गेला आणि हवा नसल्यामुळे खालीच बसला. दुपारची वेळ. काढला, पुसला, त्याच्या खोलीत नेऊन गादीवर निजवला, मग डॉक्टरला बोलावलं. घरी झोपेत हृदय बंद पडलं, असा कागद झाला. म्हणजे गोदीत अपघात नाही. फळ्यावरचा आकडा पुढे चालू. खरा आकडा आज दोनशेच्यासुद्धा आत आहे.

मग पाटी? तोमीसान म्हणाल्या, तो वर आलाच नाही ना स्वतःच्या पायाने. मग फिरवणार कोण?

त्यांनी मुळा फार किसला. एवढा कोणी खात नाही.

इतर वेळ असती तर मी आजच पिशवी भरली असती. पण शिबा उद्याही उतरणार, आणि यंत्र बिघडलंय हे त्याच्याशिवाय कोणी ऐकून घेत नाही. त्याला सांगितलं. म्हणाला, माहीत आहे. नवीन मागवलं तर जुनं का बिघडलं, कधी बिघडलं, हे विचारतील. मग एप्रिल निघेल.

२३ ऑक्टोबर

नवं जहाज. दुसरं झाकण उघडलं. हवा योशी. खालून योशी.

सहा उतरले. चार वाजता सहा वर आले. मी हेल्मेटं मोजली, सहा. शेवटच्याच्या अंगावर सालीचा भुगा इतका की चेहरा दिसला नाही. शेजारून गेला, अंगाला गारवा लागला. मी शिट्टी मारली. क्रेनने झाकण उचलून तोंडावर बसवलं.

मग फळीकडे पाहिलं. मुराकोशीची पाटी काळी. शिबाची लाल.

किंचाळलो. झाकण परत वर. शिबा शिडीच्या दुसऱ्या टप्प्यावर बसला होता, कपाळ पायरीला टेकून, चेहरा हसरा.

मी सहा मोजले. मी शिट्टी मारली. मी.

२४ ऑक्टोबर

खोलीत नेला. गादीवर. डॉक्टर. हृदय.

सकाळी उकाईसान फळ्यापाशी उभे, हातात रंगाचा डबा. डोळे सुजलेले. म्हणाले, त्याच्या आईला काय सांगायचं ते मी बघतो, तू आकडा काढ. मी १,१०५ काढला. पाच वाकडा आला. त्यांनी माझा पाच पुसून नीट काढला.

२६ ऑक्टोबर

आता पाच उतरतात. योशी सहा येतात. नवा आवाज शिबाचा आहे. हाकेच्या आधीच येतो.

बाकीचे ऐकतात. मान खाली घालून गाठी मारतात. हिय्या करून एकाला विचारलं, तर म्हणाला, असू दे, तुला काय चावतोय का?

माझ्या लक्षात आलंय. एक खाली राहिला तर एक वर येतो. संख्या जुळते. संख्या जुळली की आम्ही बघत नाही.

२७ ऑक्टोबर

फळ्यावर शून्य रंगवलं. मोठं, लाल. उकाईसान आले. पांढरा रंग आणून त्यावर फासला, वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, मग १,१०८ काढले. म्हणाले, झेंडा आला की मीच सगळं सांगेन, तीन दिवस थांब.

मी टपाल कार्यालयातून कामगार कार्यालयाला फोन केला. एप्रिल सांगितला. शिबा सांगितला. ३० तारखेला तपासनीस येतो म्हणाले. तोवर कोणाला खाली जाऊ देऊ नका.

मी? मी कोणाला अडवणार —

२८ ऑक्टोबर

अडवलं. शिडीपाशी आडवा झोपलो. पाचही जण उतरले नाहीत. एकाने लाथ मारली, मग तोही बसला.

दिवसभर जहाजाच्या रिकाम्या पोटातून योशी, योशी —

२९ ऑक्टोबर, सकाळ

उकाईसान फोनचं समजले. रागावले नाहीत. म्हणाले, हवा चांगली आहे, मीच उतरून दाखवतो. मी दंड धरला, ओढलं, ते सुटले. जाताना स्वतःची पाटी आणून टांगली, लाल केली. हळूच. नवरीच्या कपाळावरचा केस सारावा तशी.

दहा मिनिटं झाली. हाकेला उत्तर नाही. बाकीचे पळाले, अग्निशमनवाल्यांना आणायला. हवेची नळकांडी पाठीला लावून तेच उतरतील. वीस मिनिटं म्हणाले. पहारेकऱ्याने उतरायचं नाही. उतरायचं नाही. म्हणून लिहीत बसलोय. हात गुंतलेला बरा.

आता उत्तर आलं. उकाईसान. “हवा योशी, पोरा, ये.”

नाही.

शिबा पण. म्हणतो, सिगारेट आहे, ये.

आता कण्हणं. हे खरं आहे. हे माणसाचं आहे. उकाईसान जिवंत आहेत, दुसऱ्या टप्प्यावर असणार, दहाच पायऱ्या —

नाही. लिही. दोरी योशी. शिट्टी योशी. पेन योशी.

फळी पाहिली. शिबाची पाटी काळी झाली. कोण वर आलं? माझ्याशेजारून कोणी गेलं नाही. माझी पाटी

माझी लाल आहे. मी नाही फिरवली. मी फिरवली का? मला आठवत नाही पण त्यात काय, आठवलं नाही तर नाही. बरं वाटतंय. डोकं हलकं. बोटीवर पहिल्यांदा समुद्र शांत झाला होता तेव्हा असं

उकाईसान इथेच आहेत. हात हातात घेतलाय. गार आहे, हसतायत. मी वरच आहे. मी पहारेकरी. बोट रोखून बघतो म्हणजे कळेल. शिडी योशी. आकाश

आकाश चौकोनी आहे. फार लांब. चारी बाजूंनी लोखंड, आणि काठावर कोणीतरी वाकून मोजतं आहे, एक, दोन, ती