सीटखालची ठक-ठक

३ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! ट्रक सुरू केला की सीटखालून ठक-ठक, ठक-ठक. यांना म्हटलं, "अहो, इंजिन वाजतंय." तर म्हणे, "इंजिन नाही, तुझे कान वाजतायत!"

एकेकाळी कुणाची गाडी दारावरून गेली तरी हे जेवता जेवता सांगायचे — पट्टा सैल झालाय त्याचा. मी कामाला लागले. कोबीचे गड्डे ट्रकमध्ये भरायचे होते.

५ नोव्हेंबर

जुमुनजिनच्या बाजारात मैत्रीण माल्सून भेटली. "नवऱ्याला सांग, ट्रकवरचा भोंगा कमी कर. कोबी विकतोय की लढाईला बोलावतोय?" तिच्या गल्लीतल्या बायका ओरडल्या, तर यांनी हसून मान हलवली आणि भोंगा आणखी मोठा केला म्हणे.

यांना ऐकू येत नाही. लिहून टाकलं एकदाचं! मला कधीपासून कळतंय. पण बोलायची सोय नाही. सासूबाईंना कळलं तर त्या ट्रकच विकायला लावतील. आणि हे घरी बसले तर नुसते वाळून जातील. मला भीती वाटते.

८ नोव्हेंबर

शेवटी मी हट्टच धरला. सीट उचलली — इंजिन तिच्याच खाली. यांनी पट्टा बदलला. ठक-ठक तशीच. व्हॉल्व्हची फट नीट केली. तशीच! मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ डॉक्टरच्या नळीसारखी कानाला लावली आणि हे बसून राहिले. चेहरा असा झाला की मला बघवेना.

मग मूठ माझ्या कानाला लावली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "सांग. कोरडी ठक-ठक, की चिरचिर?"

"इथे काहीच नाही."

"आणि इथे?"

माझी मान अवघडू नये म्हणून यांनी डोक्यामागे हात धरला होता. हाताला डिझेलचा वास. इतक्या जवळ आम्ही कधी बसलो होतो, आठवत नाही. लाज वाटली, या वयात! सापडलं मात्र काही नाही.

९ नोव्हेंबर

घरोघरी हिवाळ्यासाठी कोबी-मुळे खारवून किमची घालायची घाई. दिवसभर मुळे नि कोबी. कंबर गेली.

११ नोव्हेंबर

शोध मी लावला! रेस दिली की ठक-ठक थांबते, इंजिन मंदावलं की पुन्हा सुरू. यांना सांगितलं तर डोळे चमकले. "मग ती इंजिनातली नाहीच! इंजिनातली असती तर रेसबरोबर वाढली असती. काहीतरी लोंबतंय."

बॅटरी मारली. सीटमागच्या पत्र्याआड पांढऱ्या दोऱ्यात बांधलेला सुका मासा! नव्या गाडीत रक्षणाला बांधतात तसा. पण आमचा ट्रक म्हातारा, आणि मासा कोराकरकरीत. दोरा सैल पडून त्याचं वाळकं डोकं पत्र्यावर आपटत होतं.

"आई!" हे ओरडले.

सासूबाई अंगणात मुळे धूत होत्या. हात पुसत आल्या आणि यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "मीच बांधला! त्या दिवशी दवाखान्यातून येताना मागची बस हॉर्न वाजवून थकली, तू ढिम्म! शेजारी मी बसले होते ना, दोक्सू! तुला ऐकू येत नाही, तर कुणीतरी जागं राहायला नको? माशाचे डोळे मिटत नाहीत."

ट्रक विक म्हणाल्या नाहीत. मुळे धुवायला परत गेल्या.

हे कितीतरी वेळ मासा हातात धरून उभे होते. मग घरातून नवा दोरा मागितला आणि जिथल्या तिथे घट्ट बांधला. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

१३ नोव्हेंबर

सकाळी ट्रक सुरू झाला. मी कान देऊन ऐकलं — एक ठक नाही!

शेजारच्या सीटवरची पोती उचलून यांनी मागे टाकली. सीट फडक्याने पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज अजून येतोय गं. आजपासून रोज बरोबर चल, ऐकायला."

"हो," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "येतोय खरा."