तीस फेब्रुवारीचा दावा

१ मार्च, सकाळी ११
आज बेकरीत बाराशे ब्रेड परत आले. प्रत्येकाच्या कागदावर ठळक अक्षरांत छापले आहे: भाजल्याची तारीख ३० फेब्रुवारी. छपाई सुबक आहे, हे एकालाही बोलावेसे वाटले नाही.

मालक सगळ्या पॅकिंग हॉलसमोर ओरडले. म्हणाले, अरे, फेब्रुवारीची तीस तारीख तुझ्या आजोबांनी तरी पाहिली होती का? लेबलचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात, म्हणून दोष माझा. मालकांच्या डोक्यात नुसता मैदा आहे. एक एप्रिलला मला कायम करायचे ठरले होते. आता म्हणतात, ही भानगड कोणाची ते आधी सिद्ध कर, नाहीतर दुसरीकडे काम बघ.

भट्टीवाला हसला. नोंद केली आहे.

१ मार्च, दुपारी ४
शांतपणे विचार केला. दोष सॉफ्टवेअरचा. फेब्रुवारी किती दिवसांचा हे ज्याला कळत नाही, ते लोकांना देणे हा गुन्हाच. मी दहावी अर्ध्यावर सोडली, तरी मला कळते. कंपनीवर दावा ठोकणार.

३ मार्च
मन स्वच्छ असावे म्हणून एकदाच लिहितो. सॉफ्टवेअर ट्रायलचे आहे. महिनाभर फुकट, नंतर बंद पडते. म्हणून दर एक तारखेला मी कॉम्प्युटरचे घड्याळ मागे नेतो आणि पुन्हा एक जानेवारी करतो. महिना कधी संपतच नाही. दोन वर्षे त्याच्या पोटात जानेवारीच चालू आहे. लेबलवर महिन्याचे नाव तेवढे मी हाताने घालतो. सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हटल्यावर मालकांनी माझी पाठ थोपटली होती.

परवा सकाळी भट्टीवाल्याशी ट्रेवरून वाजले, आणि घड्याळ मागे न्यायचे राहिले. महिनाही बदलला नाही. यंदा लीप वर्ष, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, म्हणून एक मार्चला कॉम्प्युटरच्या आत तीस जानेवारी, वर माझा फेब्रुवारी. मी विसरलो, कबूल. पण मी माणूस आहे. सॉफ्टवेअरला विसरायचे काय कारण? तीस फेब्रुवारी दिसताच त्याने थांबायला नको?

मुद्दा बिनतोड आहे.

६ मार्च
वकिलाकडे गेलो. जिन्याखाली ऑफिस, टेबलाच्या एका पायाखाली वीट. चार दावे नेले होते. सॉफ्टवेअर कंपनी. कॅलेंडर छापणारा (फेब्रुवारी आणि मार्च एकाच पानावर, उघड दिशाभूल). ब्रेड परत पाठवणारा कोपऱ्यावरचा दुकानदार (ब्रेड ताजा होता, दाबून बघायचा होता). आणि भट्टीवाला. वकील म्हणाला, बाबा रे, एकच कर, बाकीचे घडी घालून खिशात ठेव. मग खरेदीची पावती मागितली. सापडत नाही म्हणालो. हे खोटे नव्हे. जी नाहीच ती सापडणार कशी?

१० मार्च
नोटीस रवाना. मानसिक त्रास, भूक मंदावणे, कायम होण्याची संधी धोक्यात. मसुद्यात वकिलाने ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका केल्या होत्या. सुधारल्या. आभार मानण्याची रीत त्याला नाही.

ताईला नोटीस वाचून दाखवली. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, वेड्या, मालकांना जाऊन सांग की चुकलो, दोन दिवस धुसफुसतील आणि विसरतील. सख्खी बहीण, आणि बाजू घेते कंपनीची! भाऊजी पेपरामागून म्हणाले, मेहुणेराव, कंपनीवाले आता टाळे लावून पळतात की नाही बघा.

संकल्प: भाऊजींशी बोलणे कायमचे बंद.

जेवताना मीठ मागावे लागले. ते बोलण्यात धरत नाही.

२ एप्रिल
काल कायम झालो नाही. मालक म्हणाले, निकाल लागू दे. म्हणजे तेही माझ्या विजयाची वाट बघत आहेत.

हॉलमध्ये आता मला तीस तारीख म्हणतात. भट्टीवाल्याने सुरू केले. ए तीस तारीख, लेबलं आण. पाचवा दावा तयार ठेवला आहे.

१९ एप्रिल
कंपनीचे उत्तर आले. सॉफ्टवेअर कधी घेतले? परवाना क्रमांक काय? घाबरलेला माणूसच असे उलटे प्रश्न विचारतो. वकील म्हणाला, नंबर दे. मी म्हटले, ही माझी खाजगी बाब आहे. त्याने मला पाणी दिले. वकील कच्चा आहे.

१४ जून, दुपारी २
सुनावणी झाली. मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. भट्टीवाला रजा काढून आला होता, मजा बघायला.

कंपनीची वकीलबाई अगदी हळू बोलते. आवाजावरूनच ओळखले, हरणार. तिने विचारले, त्या सकाळी काय काय घडले, हे तुम्ही तीन महिन्यांनी इतक्या खात्रीने कसे सांगता? बाई अलगद फसली. मी ताठ उभा राहून म्हणालो, मी रोजनिशी लिहितो. तारीखवार. खरे तेच. माझा वकील माझी बाही ओढू लागला. त्याचा हात झटकला. न्यायाधीश म्हणाले, उत्तम, उद्या अकरा वाजता ती वही इथे जमा करा, दोन्ही बाजू वाचतील. मागून मालक म्हणाले, शाब्बास! वकीलबाईने माझे आभार मानले. सभ्य बाई आहे.

१४ जून, सायंकाळी ६
वही पहिल्यापासून वाचली.

१४ जून, सायंकाळी ७
पान फाडता येत नाही. पानांना नंबर मीच घातले आहेत. शाईने. भाऊजींना विचारले, आता काय करू? पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

१५ जून, सकाळी ९
माननीय न्यायाधीश साहेब, ३ मार्चचे पान घाईत लिहिले आहे. कृपया भरभर उलटावे. वकीलसाहेब, कच्चा हा शब्द माझा नव्हे, त्या दिवशीच्या रागाचा. मालक, तुम्ही वाचत असाल तर नमस्कार. मैद्याचे मनातल्या मनात होते. पाठ थोपटल्याचे तुम्हाला अडकवायला लिहिले नव्हते. माझ्या जागी ज्याला घ्याल त्याला एवढेच सांगा, एक तारखेला घड्याळ मागे न्यायला विसरू नकोस.