दोनशे बारा गाणी, शेवटपर्यंत

मी, सोफे शिवणारा, वय एकोणसत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागही ठिकाणावर आहे; त्याला दाखला लागत नाही. याआधी काही लिहिलं असल्यास ते रद्द.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. ती भांडते, पण तोंडावर.

२. शिलाई मशीन, दाभणं आणि मोठी कात्री आमच्या वर्कशॉपमध्ये कामाला असलेल्या पॉलिशवाल्याला. धाकट्या भावाने पुठ्ठे कापून कात्रीची धार घालवली, याची इथे नोंद असावी.

३. वर्कशॉपमधला माझा अर्धा हिस्सा. तो धाकट्याला हवा आहे. आधी त्याने काय केलं ते सर्वांनी वाचावं.

वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर आम्हा दोघांचा गाण्यांचा एकच संग्रह आहे. ज्या गाण्यापुढे टिक असेल तेच स्पीकरवर वाजतं आणि आमच्या फोनवर येतं. इतकी वर्षं मी टिक करायची आणि त्याने काढायची. माझं गाणं चुकून लागलंच, तर तोंडात खिळे धरून हा पुढचं लावायला धावणार. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर त्याने माझी दोनशे बारा गाणी पुसूनच टाकली. हॉस्पिटलमध्ये फोन सिंक झाला आणि पोटाला टाके असताना माझ्या कानात त्याचे ढोल. मी फोन लावला.

"दादा, जागा होत नव्हती."

"म्हणून माझीच काढलीस?"

"रडकी गाणी ती! तुझ्याशिवाय ऐकतं कोण? तू गप पडून राहा."

अकरा दिवस पडून राहिलो. मुलीकडे नक्कल होती म्हणून गाणी परत आली. ती किती वेळा वाजली त्याचे आकडे मात्र शून्यावर गेले.

म्हणून अट अशी: माझ्यामागे एक वर्ष ही दोनशे बारा गाणी वर्कशॉपमध्ये वाजली पाहिजेत, प्रत्येक निदान बारा वेळा. गाणं शेवटपर्यंत वाजलं तरच आकडा चढतो, मध्येच तोडलं तर नाही. आकडे मुलगी तपासेल. एकही कमी भरला तर हिस्सा पॉलिशवाल्याचा. आवाज बंद करून वाजवलं, तर ते पॉलिशवाला सांगेलच. त्यात त्याचाच फायदा आहे.

४. वरची अट लिहून झाल्यावर मुलीने आजचे आकडे उतरवून घेतले. एका गाण्यापुढे एकशे अठरा निघाले. मी ते फार तर दहा वेळा ऐकलं असेन. शेवटचं कधी वाजलं तेही तिथे दिसतं: मंगळवार, सकाळी अकरा. मंगळवारी मी कापड आणायला जातो. पॉलिशवाल्याला बोलावून विचारलं.

"धाकटे मालक लावतात की," तो म्हणाला. "तुमची पाठ वळली की दार ओढून घेतात. मला म्हणाले, दादाला बोललास तर बघ."

"बाबा, आता तरी अट काढा," मुलगी म्हणाली.

काढणार नाही. गाणी न आवडणाऱ्याला मी एक वर्ष दिलं होतं. आवडत असूनही माझ्यासमोर तोंड वाकडं करणाऱ्याला दोन. आणि दार सताड उघडं ठेवून.

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. शेजारचा कुलूपवाला (सही). वाचताना हसला, तरी साक्ष ग्राह्य धरावी.

लिहून देणार: सोफेवाला, थोरला (सही)
स्थळ: वर्कशॉप, कापड कापायचं टेबल
दिनांक: १३ जून २०२४, गुरुवार, धाकटा सोफा पोचवायला गेला असताना