उंचीच्या जागी आईचं कोपर

प्रिय तेजू,

टेम्पो यायला अर्धा तास आहे, तोवर लिहून घेतो. आपल्या गाडीची डावीकडची सीट मी सकाळी चार बोल्ट सोडवून बाहेर काढलीय आणि गॅरेजच्या दारात तिच्यावरच बसलोय. नव्या कव्हरला तेलाचा डाग पडेल म्हणून तू आत्ता माझ्यावर ओरडली असतीस. बुडाखाली पोतं घेतलंय बाई, काळजी करू नको.

तू जाऊन नऊ महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का? कारण तुझं काम मी बिघडवलंय. सांगायला घरात दुसरं माणूस नाही.

तुझी आई दिवाळीच्या आधीच शिनोलीला माहेरी गेली. गाडी दारात आहे तोवर आपल्या लोणी गावात पाय ठेवणार नाही, असं सांगून गेली. मी भांडलो नाही. कुठल्या तोंडानं भांडणार?

आठवतं का, बोरी बुद्रुकच्या त्या कांद्याच्या वखारीत तुला ही गाडी कशी सापडली? गोल नाक, फुटलेले दिवे, मागच्या सीटवर खुडूक कोंबडी. मी म्हटलं, भंगार आहे, चल. तू त्या कोंबडीला बाजूला करून आत बसलीस ती उठेचनास. तुला इंजिनिअर केलं, चाकणला चांगली नोकरी लागली, आणि शनिवार आला की तू माझ्या गॅरेजात ग्रीसनं माखून बसायचीस! गावातली माणसं मला टोमणे मारायची. वरवर मी पण कुरकुर करायचो. खरं सांगू? मी सोमवारपासून शनिवारची वाट बघायचो.

इंजिन मी केलं, बाकी सगळं तुझं. पुढची एकसंध सीट काढून दोन वेगळ्या सीटा टाकल्यास, स्टेअरिंगजवळचा गिअर खाली दोन सीटांच्या मधे घेतलास. तिथंच कन्सोल बसवायचा, असं तू म्हणालीस. मी त्याला मधली पेटी म्हणायचो आणि तू हसायचीस. या गाडीला ती कधी नव्हतीच, मग कशाला, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, आईसाठी. तिचा उजवा खांदा धरलेला. एसटीत वरचा दांडा धरून शिनोलीला जाऊन आली की दोन दिवस हात वर होत नाही. तिला कोपर टेकायला जागा हवी. गाडी तयार झाली की पहिली फेरी तिच्या माहेरी, हेही तूच ठरवलं होतंस.

जुन्नरच्या रफिकचाचांनी तुझ्यासाठी जुन्या सागवानाच्या दोन फळ्या राखून ठेवल्या होत्या. मी आणायला गेलो तेव्हा त्यांनी आधी फळ्यांवरून हात फिरवला. निघताना एवढंच म्हणाले, "एक चुकायला, एक बसवायला. माझ्याकडं तिसरी न्हाई."

तुझा पुठ्ठा माझ्याकडे होता. खोक्याचा फाडलेला तुकडा, त्यावर पेन्सिलीनं तुझं अक्षर: लांबी साडेतीन वीत वर दोन बोटं, रुंदी वीतभर, गिअरचं भोक पुढून सव्वा वीत. मी फळी कापायच्या लाकडी घोड्यावर ठेवली, वीत मारली, खूण केली आणि कापली. भोकही पाडलं. गाडीत नेऊन ठेवलं तर गिअरचा दांडा भोकाच्या तीन बोटं पुढे उभा!

मला कितीतरी वेळ कळेचना. मग कळलं. वीत तुझी होती गं. मी माझी लावली.

तुला ही खोड मीच लावली. गॅरेजात टेप कधी जागेवर सापडायची नाही, आणि मी ऐटीत सांगायचो, टेप कशाला, हात आहे ना! इंजिनिअर झालीस तरी माझ्या गॅरेजात शिरलीस की तू वितीनंच मोजायचीस. तू तरी टेप घ्यायची होतीस, तेजू! तुझ्या कॉलेजात हेच शिकवलं का? आता तुझी वीत मी कुठून आणू? त्या हाताला शेवटचं पाणी मीच घातलं आणि नदीवरून मोकळ्या हातानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवी टेप आणली. लांबी-रुंदी गाडीतून घेता येईल, भोकाची जागाही मिळेल. पण पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ मी इतके दिवस नीट वाचलीच नव्हती. उंची: आईचं कोपर. बस, एवढंच. ना वीत, ना बोटं. तिला गाडीत बसवून माप घ्यायचं तुझ्या मनात होतं. तेवढं राहिलं.

अंदाजानं कापता आलं असतं. लोक कापतातच की. पण अंदाजानंच तर मी तुझ्या तापाला साधा ताप म्हटलं होतं.

हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. त्या दिवशी तू अंगणात खाटेवर पडून होतीस. तुझी आई दोनदा येऊन म्हणाली, पोरीला दवाखान्यात न्या. गाडीला रंगाचा शेवटचा हात चालू होता, मधेच सोडला तर डाग दिसले असते. मी म्हणालो, उद्या जाऊ. तू पण हसून म्हणालीस, रंग होऊ द्या आण्णा. का म्हणालीस तसं? मला दोन शिव्या घालून उठवायचं होतंस! दुसऱ्या दिवशी नेलं, तिथून पुण्याला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी मी तुला गाडीतून आणलं ती आपली गाडी नव्हती. एका दिवसानं फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजून हिंमत होत नाही. नसता पडला असं ते म्हणाले तरी मला पटणार नाही, आणि पडला असता म्हणाले तर मी काय करू?

रंग मात्र छान बसलाय. एक डाग नाही. ती निळी गाडी समोर आली की मी तोंड फिरवतो.

परवा पुठ्ठा घेऊन शिनोलीला गेलो. तुझ्या मामानं बस म्हटलं, चहा आला. तुझी आई दाराआड उभी होती, पुढे येईना. मी पुठ्ठा ओट्यावर ठेवला आणि बाजूला सरकलो. ती आली, अक्षर ओळखलं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं ते थांबलंच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या दिशी तुमी गाडी सोडून उठला असता तर माझी पोर आज असती."

नऊ महिने मी या वाक्याला घाबरून होतो. तोवर कधी तापाला, कधी नशिबाला पुढे केलं होतं. परवा मी म्हणालो, "व्हय. माझं चुकलं."

मामानं मधे पडून खुर्ची आणली, म्हणाला, परक्यासारखं काय करतीस, बस खुर्चीवर आणि देऊन टाक माप. ती बसलीही, कोपर पुढे केलं. मीच टेप काढली नाही. खुर्ची वेगळी, गाडीची सीट वेगळी. सीट दबते, पाठ कलते. आणि फळी एकच उरलीय. हे मी सांगितल्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. मी चपला घातल्या, तेवढ्यात आतून आवाज आला,

"गाडीत मी बसायची न्हाई. शीट काढून आणा."

तेजू, मी एसटीत खिडकीला तोंड लावून रडत आलो. शेजारचा माणूस सारखा विचारत होता, काय झालं राव?

आज सकाळी सीट काढली, टेम्पोवाल्याला सांगितलं, आणि मामाचा फोन आला. कालपासून ती जेवली नाही. आज नको म्हणतेय. "दाजी, उद्या बघू," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही बिचाऱ्याचं. पण तो शब्द ऐकला आणि मी टेम्पो काही थांबवला नाही.

टेम्पोचा हॉर्न वाजतोय. वळणावर आलाय बहुतेक.

तुला एक शब्द देतो, पोरी. पेटी बसेल की नाही, तुझी आई परत येईल की नाही, हे माझ्या हातात नाही. पण उद्यावर मी काही टाकणार नाही. सीट तिच्या माहेरच्या अंगणात मांडीन आणि शेजारी जमिनीवर बसून राहीन. ती जेवली नसेल तर आधी तिला जेवायला सांगेन. दवाखान्यात न्यावं लागलं तर सीट तिथंच टाकून तिला घेऊन जाईन. आणि कधीतरी ती त्या सीटवर बसलीच, तर तुझ्या पेटीची उंची मी टेपनं घेईन, दोनदा घेईन, आणि मगच फळीला करवत लावीन.

आजच निघालोय.

तुझाच, ज्यानं तुला वितीनं मोजायला शिकवलं तो,
आण्णा